जेडचा पेला कानाला धरून उचलायचा नसतो

पेला टेबलावरच राहिला आणि माझ्या चिमटीत नुसता ड्रॅगन आला. माझ्या कामाच्या आयुष्यातला हा सगळ्यात लांब सेकंद. तो ड्रॅगन म्हणजे पेल्याचा कान. तो कधीतरी आधीच तुटला होता आणि कुणीतरी तो इतक्या सफाईने चिकटवला होता की सांध्यावरचा रंगीत मेणाचा थर मला दिसलाच नाही. मालकाला ते माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही. रत्नं तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. अंगठीतले खडे बघायची सवय असलेल्या माणसाला पेला म्हणजे एक मोठा खडाच वाटतो, ही माझी मूळ चूक.

म्हणून जुना चिनी जेडचा पेला, विशेषतः प्राण्यांच्या आकाराचे कान असलेला, समोर आला तर काय करायचं ते सांगते. हल्लीच माझ्याकडे आलेला एक पेला उदाहरणाला घेते. फिकट हिरवट पांढरा, तोंडाचा व्यास साडेसहा सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना काठावर चढणारे दोन प्राणी, आणि मालकाच्या मते ‘शंभर टक्के छियेनलोंग’, म्हणजे ज्याची कारकीर्द १७९५ पर्यंत चालली त्या छिंग सम्राटाच्या काळातला.

आधी हात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. टेबलावर चौपदरी टॉवेल पसरा आणि सगळी तपासणी त्याच्यापासून वीतभर उंचीच्या आतच करा. एक हात बुडाखाली, दुसऱ्याचा पंजा पेल्याच्या अंगाला. सुती हातमोजे घालू नका. ते चित्रात छान दिसतात, पण गुळगुळीत दगडावरून सटकतात. हात धुऊन कोरडे केले की पुरे. चिनी भाषेत अशा मुठीला ‘अर’ म्हणजे कान म्हणतात, आपणही कपाचा कानच म्हणतो, आणि दोन्हीकडे तो उचलण्यासाठीच असतो. जुन्या जेडला मात्र हा नियम लागू नाही.

जेड चिवट असतं, हे खरं आहे. चीनमधलं पारंपरिक जेड म्हणजे नेफ्राइट. त्याचे सूक्ष्म तंतू दाबून केलेल्या लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ते काचेसारखं तडकत नाही. पण चिवटपणा जाडीवर अवलंबून असतो. काठावर टेकलेला प्राण्याचा पाय दोन मिलिमीटरचा असेल, तर दोनशे वर्षांत एकदा पडणं त्याला पुरतं.

आता अंधार करा आणि छोटी टॉर्च पेल्याच्या आत, भिंतीला जवळजवळ टेकवून धरा. नेफ्राइटमधून येणारा उजेड मऊ असतो, घट्ट पेजेतून आल्यासारखा. त्यात ढगासारखे फिके-गडद भाग दिसतात, कधी बारीक पांढरे कण. काचेत गोल बुडबुडे दिसतात, आणि ओतीव काचेत वाहत्या पाकासारख्या रेषा. रंग कुठे साचलाय तेही बघा. तपकिरी, गंजासारखी छटा जुनी दिसावी म्हणून मुद्दाम चढवलेली असते तेव्हा ती भेगांच्या आत गडद आणि भेगेबाहेर एकदम फिकी पडते. नदीत मिळालेल्या गोट्याची नैसर्गिक साल असेल तर रंग पृष्ठभागापासून आत हळूहळू विरत जातो. चिनी नकली-जुन्या जेडचा इतिहास खुद्द जेडइतकाच रंगतदार आहे. तेलात तापवणं, आग देऊन पांढरट करणं, हे प्रकार कित्येक शतकं चालत आलेत. तेव्हा ‘जमिनीत पुरलेलं होतं म्हणून असं दिसतं’ हे वाक्य ऐकलं की मी चहा मागवते, कारण आता गोष्ट लांबणार.

त्याच अंधारात अतिनील टॉर्चही फिरवून घ्या. नेफ्राइट सहसा तिला काहीच उत्तर देत नाही, गप्प राहतं. डिंक आणि भरणी मात्र निळसर पांढरी उजळते. माझ्या हातात ड्रॅगन आला त्या दिवशी ही दोनशे ग्रॅमची टॉर्च खणात पडून होती. कानाच्या मुळाशी उजळलेली बारीक रेघ दिसली, तर पुढची पाण्याची परीक्षा विसरून जा. (पॉलिशसाठी लावलेलं मेणही कधी कधी उजळतं, पण ते खाचाखोचांत पसरलेलं असतं. सांध्यासारखी सरळ रेघ धरून बसत नाही.)

कानाखाली बघा

या मजकुरातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. पेल्याचं पोट, काठ, समोरची नक्षी हे सगळं दाखवण्यासाठी केलेलं असतं. प्राण्याचं पोट आणि पेल्याची भिंत यांच्यामध्ये जी फट असते ती कुणाला दाखवायची नसते, आणि कारागीर तिथेच खरं बोलतो.

त्यासाठी जेड घडतं कसं हे माहीत हवं. आपण ‘कोरीव’ म्हणतो, पण जेड छिन्नीने कोरलं जात नाही. पोलाद त्याच्यावर चालतच नाही, ते घासावं लागतं. पायाने चालवायच्या आसावर लोखंडी चकत्या फिरायच्या आणि त्यांच्यावर ओल्या वाळूचा लेप दिला जायचा. दगड कापायची ती वाळू, चकती फक्त वाळू वाहून न्यायची. १६३७ मध्ये सोंग यिंगशिंग याने आपल्या ‘थियेनकोंग खायवू’ या तंत्रग्रंथात हे काम चित्रांसह नोंदवलं आणि राजधानीत चांगले कारागीर जमले असले तरी कसबात सूचौ शहरच पुढे, असंही लिहून ठेवलं.

आता या पद्धतीत कान म्हणजे काय ते बघा. पेल्याचं तोंड साडेसहा सेंटिमीटर आणि एका कानाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत अकरा सेंटिमीटर. म्हणजे दगड मुळात अकरा सेंटिमीटर लांबीचा हवा, आणि दोन कानांच्या आजूबाजूचं सगळं जेड घासून चिखल करून टाकायचं. कान जितका बाहेर, तितका दगड वाया. ज्याने दगडाचे पैसे दिले त्याची ऐपत पेल्याच्या भिंतीपेक्षा कानात जास्त दिसते. उलट स्वस्तात काम उरकायचं असतं तेव्हा प्राणी भिंतीला घोरपडीसारखा चिकटतो, फट नावाला उरते, बोटसुद्धा जात नाही. काही वेळा कान वेगळ्याच तुकड्याचा करून चिकटवलेला असतो. पेल्याच्या अंगातली एखादी शीर किंवा ढग कानात पुढे चालू राहतो का, हे टॉर्चने तपासलं की ती लबाडी लगेच उघडी पडते.

दहापट भिंग घ्या, पेला आडवा करा (बुडाखालचा हात तसाच ठेवून) आणि फटीत उजेड तिरका टाका. जुन्या पद्धतीत आधी नळीसारख्या गिरमिटाने आरपार भोक पाडायचे, मग त्यातून तार ओवून ओल्या वाळूने फट कापत न्यायचे. म्हणून फटीच्या कोपऱ्यात गोल भोकाचा चतकोर उरलेला दिसतो, आणि तारेच्या वाटेवर किंचित हेलकावणाऱ्या रेघा. त्या एकमेकींना समांतर असतात, पण शिस्तीत नसतात, कारण हात थकतो, वाळू झिजते, नवी वाळू पडते. चकतीने कापलेली खाच मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना निमुळती होते. जिथे दोन खाचा काटकोनात भेटतात तिथे एखादी पुढे निसटलेली असते. गोल चकती कोपऱ्यात नेमकी थांबत नाही.

विजेच्या हत्याराची हिऱ्याची टोकं वेगळं लिहितात. खाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रुंदीची, तळाशी एकसारख्या बारीक खळग्या, आणि वळणावर टोक थरथरल्याच्या खुणा. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापलेल्या वस्तूत तर भातखाचरांसारख्या सारख्या अंतराच्या पायऱ्या दिसतात. पोटावर त्या पॉलिशने पुसल्या जातात, कानाखाली पुसायला कुणी जात नाही.

इथे एक सावधगिरी. फटीतलं पॉलिश खडबडीत आहे म्हणून पेला खोटा ठरत नाही. चिनी संग्राहक मिंग काळातल्या (१३६८ ते १६४४) कामाला ‘त्सू ता मिंग’ म्हणतात, म्हणजे धसमुसळं, मोठं मिंग. त्या काळच्या बऱ्याच कामात बाहेरून झिलई आणि आत ओबडधोबड असा प्रकार आढळतो. छियेनलोंगच्या राजवाड्यातलं काम असेल तर मात्र फटीच्या आतही मन लावून पॉलिश केलेलं असतं. म्हणून प्रश्न ‘खडबडीत आहे का’ हा नाही, ‘ज्या काळाचा म्हणता त्या काळासारखं खडबडीत आहे का’ हा आहे.

माझ्यासमोरच्या पेल्यात चतकोर भोकं होती, हेलकावणाऱ्या रेघा होत्या, झिलई मध्यम होती. काम हाताचं, पायाने फिरणाऱ्या आसावरचं. राजवाड्यातलं मात्र वाटत नव्हतं.

मग मी दोन्ही प्राणी शेजारी शेजारी मोजले. हे जरूर करा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोरा लावा, उजवा आणि डावा. हाताच्या कामात एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतोच. इथे डाव्याची शेपटी सहा मिलिमीटरने आखूड होती आणि तिची दुभंगलेली टोकं नाहीशी होती. त्या जागेची चकाकीही शेजारच्या भागापेक्षा जास्त. म्हणजे शेपटी तुटली, आणि दुरुस्त करणाऱ्याने उरलेला भाग गोल घासून ‘अशीच होती’ केली. डिंकाची दुरुस्ती अतिनील उजेडात सापडते, घासून केलेली दुरुस्ती फक्त मोजमापात.

हा प्राणी कोणता?

दोन कानांच्या चिनी पेल्यांवर सगळ्यात जास्त भेटतो तो ‘छी’, शिंग नसलेला ड्रॅगन. चेहरा मांजरासारखा रुंद, अंग पालीसारखं लवचिक, पाठीच्या मधून एक खाच, शेपटी टोकाला दुभंगून वळलेली. तो बहुतेक वेळा काठाला पुढचे पाय लावून आत डोकावतो. हा आकार निदान हान काळापासून, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षं, चालत आलाय, नंतरच्या शतकांत तो पुनःपुन्हा उचलला गेला, त्यामुळे नुसत्या प्राण्यावरून काळ ठरवू नका. मेंढ्याची, हत्तीची, सिंहाची डोकीही कानांवर असतात, आणि त्यांच्या तोंडात लोंबणाऱ्या सुट्या कड्याही. ती कडी वेगळी करून अडकवलेली नसते, त्याच दगडातून सोडवून काढलेली असते. तिच्यावर सांध्याची रेघ सापडली तर विषय संपला.

एक चकवा आपल्या बाजूचा आहे. पेल्याची भिंत कागदासारखी पातळ, अंगावर कमळाच्या किंवा लांब पानांच्या पाकळ्या, कान फुलाच्या कळीसारखा, असं काही दिसलं तर ते मुघल काम असू शकतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शाहजहानचा १६५७ चा पांढऱ्या नेफ्राइटचा पेला आहे. त्याचा कान म्हणजे बोकडाचं डोकं. अशा ‘हिंदुस्थानी’ जेडवर छियेनलोंग बेहद्द खूष होता. त्याने त्यावर कविता केल्या, त्या वस्तूंवर कोरवून घेतल्या, आणि चीनमध्ये त्या धर्तीच्या वस्तूही होऊ लागल्या. म्हणजे चिनी अक्षरं आहेत म्हणून पेला चिनी, हेही प्रत्येक वेळी खरं नाही.

पाण्यातला तोल

डोळ्यांनी बघून झालं की दगड खरोखर जेड आहे का ते तोलून ठरवा. ओरखडा काढून बघायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याच घड्याळावर काढून दाखवायला सांगा. त्यातून काही सिद्धही होत नाही, कारण जेड म्हणून खपवला जाणारा रंगवलेला क्वार्ट्झाइट (गारेच्या कणांचा खडक) तर नेफ्राइटपेक्षा कठीण असतो.

०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. पेल्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचं रुंद भांडं ठेवून आकडा शून्य करा. पेल्याला मऊ कापडी जाळीत, बुडाकडून आधार देऊन (कानात दोरा अडकवून नव्हे) पाण्यात पूर्ण बुडवा. तो तळाला किंवा भिंतीला टेकता कामा नये. आता काटा जो आकडा दाखवेल तो पेल्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागा. माझा पेला कोरडा २३६ ग्रॅम, पाण्यातला आकडा ८०; भागाकार २.९५. जाळी आधी रिकामीच बुडवून तिचा आकडा वजा करायला विसरू नका. नक्षीत आणि कानाखाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि उत्तर कमी येतं. मऊ ब्रशने ते काढा, पाण्यात साबणाचा थेंब टाकला तर ते सहज सुटतात.

नेफ्राइट २.९ ते ३.०३ च्या दरम्यान येतं. २.५ किंवा २.६ च्या आसपास आलं तर सर्पेंटाइन या मऊ दगडाची शक्यता, जो ल्याओनिंग प्रांतातल्या शियूयेन भागातून भरपूर येतो आणि ‘जेड’ म्हणूनच विकला जातो. २.६५ म्हणजे क्वार्ट्झाइट, २.७ म्हणजे बहुधा संगमरवराच्या कुळातलं काही. काच कुठेही येऊ शकते, म्हणून टॉर्चची परीक्षा आधी. ३.३ च्या वर आलं तर ते जेडाइट, म्हणजे बर्माहून येणारं वेगळंच खनिज. ते चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर आलं अठराव्या शतकापासून. मिंग काळाचा म्हणून दाखवलेला पेला ३.३३ आला, तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

दगडाच्या रंगाचंही एक तारखेशी नातं आहे. चांगलं पांढरं नेफ्राइट खोतानच्या (आजच्या चीनच्या पश्चिम टोकाकडच्या) नद्यांतून यायचं, युरुंगकाश आणि काराकाश, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या जेडची नदी. १७५९ मध्ये छिंग सैन्याने तो सगळा पश्चिमेचा मुलूख जिंकला आणि त्यानंतर दगड नियमित राजवाड्याकडे येऊ लागला. त्याआधी कारागीर मिळेल तो दगड जपून वापरत. निर्दोष, मेंढीच्या चरबीसारख्या पांढऱ्या दगडाचा मोठा पेला १७५९ च्या आधीचा म्हणून कुणी पुढे केला, तर मी भिंग पुन्हा पुसते.

शिक्का शेवटी वाचा

बुडावर कोरलेल्या अक्षरांचा शिक्का मुद्दाम शेवटी ठेवलाय. आधी वाचला की डोळे त्याला हवं तेच बघू लागतात. छियेनलोंगच्या कारकिर्दीची अक्षरं नंतरच्या माणसांनी अगणित वस्तूंवर घातली, आणि ‘त्झकांग’ हे सूचौच्या मिंगकालीन कारागिराचं नावही. लू त्झकांगने आयुष्यात जेवढं काम केलं असेल त्याच्या कित्येक पट काम त्याच्या नावावर आहे. भिंगातून अक्षराची एकेक रेघ बघा. चकतीने कापलेली रेघ छोट्या तुकड्यांनी बनते, टोकाला बारीक होते. माझ्या पेल्याच्या बुडावरची चार अक्षरं एकाच रुंदीची होती, कडा दातेरी, तळ पांढरट भुकटीसारखा. कानाखाली घासणारा हात आणि बुडावर अक्षरं कोरणारा हात एक नव्हता. पेला जुना, अक्षरं नवी.

आणि बुडाच्या कडेला लाल लाखेचा एक तुकडा चिकटलेला होता. तो धुऊ नका, खरवडू नका! देशाबाहेर न्यायला परवानगी मिळालेल्या जुन्या वस्तूंवर चीनमधले सरकारी तपासनीस असा लाखेचा शिक्का लावत. १९६० च्या नियमावलीत अनेक प्रकारच्या वस्तूंसाठी १७९५ ही सीमारेषा होती. त्याआधीच्या बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. २००७ पासून ती रेषा १९११ वर आणली गेली. म्हणजे मालक ज्या लाखेकडे खरेपणाचा पुरावा म्हणून बोट दाखवत होते, ती लाख अस्सल असेल तर इतकंच सांगत होती की सरकारी तपासनिसाला हा पेला बहुधा १७९५ नंतरचा वाटला. लाखेचे शिक्केही बनावट निघतात, म्हणून मी हे कानाखालच्या पुराव्याला जोडूनच धरलं: एकोणिसाव्या शतकातलं नेफ्राइट, प्रामाणिक हातकाम, एक शेपटी घासलेली, अक्षरं मागाहून घातलेली. मालक नाराज झाले. चहा त्यांनी घेतला.

घरात असा पेला असेल तर त्याला तेल लावू नका, आम्ल किंवा अल्ट्रासॉनिक यंत्र जवळ आणू नका. सांधे नाहीत अशी खात्री झाली तर कोमट पाणी आणि मऊ ब्रश एवढंच. डब्यात ठेवताना कानाखालच्या फटीत कापूस किंवा कागद कोंबायचा मोह होतो. तो टाळा, कारण डबा हलला की कोंबलेला बोळा कानाला आतून बाहेर ढकलतो. फोममध्ये पेल्याच्या अंगापुरती खाच कापा, कानांच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा मोकळी सोडा, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा की खालून उचला.